एकाच पावतीवर दोन तारणं: नोडांमधली टक्कर तपासणारी टेस्ट कधी पास, कधी फेल का होते

तीन नोडांचं (ब्लॉकच्या साखळीची आपापली प्रत ठेवणाऱ्या तीन मशीनचं) खाजगी इथेरियम नेटवर्क. नोडवरचं सॉफ्टवेअर गेथ १.१३, क्लीक पद्धतीचं प्रूफ ऑफ ऑथॉरिटी (ठरलेले नोडच सही करून ब्लॉक बनवतात), तिन्ही नोड ब्लॉकवर सही करणारे. एक बाणेरच्या ऑफिसात, एक मार्केट यार्डात, एक चाकणजवळच्या गोदामात. शेतकऱ्याने सोयाबीनची पोती गोदामात ठेवली की पावती निघते आणि त्या पावतीवर कर्ज मिळतं. सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: एका पावतीवर एकाच वेळी दोन ठिकाणी तारण चढता कामा नये.

हा नियम पाळला जातो का, ते बघायला टेस्ट असते. एक ट्रान्झॅक्शन (साखळीवर नोंदवायचा व्यवहार) एका नोडला द्यायचं, त्याच्याशी टक्कर घेणारं दुसरं ट्रान्झॅक्शन दुसऱ्या नोडला द्यायचं, आणि शेवटी एकच टिकलं का ते पाहायचं. टेस्ट सकाळी हिरवी असते, दुपारी लाल. मधल्या वेळात कोडला कुणी हात लावलेला नसतो. कधी «रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड» येतं, कधी «नॉन्स टू लो», कधी काहीच न येता टाइमआउट होतो. बहुतेक टीम मग स्लीप (टेस्टमधला ठरावीक थांबा) वाढवतात, तीनदा रीट्राय लावतात आणि पुढे जातात. तसं करू नका. या टेस्टच्या लहरीपणाला ठोस कारणं आहेत आणि ती एकेक करून काढता येतात. शिवाय चाकणचा नोड वीज किंवा इंटरनेट गेल्यामुळे नेटवर्कपासून तुटणं ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. तिकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी निघतात. शेतकरी मात्र गुरुवारीही पोती घेऊन येतोच.

कोणती टक्कर तपासताय, ते आधी ठरवा

टकरी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचा शेवट अगदी वेगळा होतो. टेस्टमध्ये त्या एकत्र कालवल्या की पुढचं काहीच कळत नाही.

पहिली नॉन्सची टक्कर. नॉन्स म्हणजे एका खात्यातून निघणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक. एकाच खात्यातून, एकाच नॉन्सची, दोन वेगळी ट्रान्झॅक्शन्स. प्रोटोकॉलच यातलं एकच साखळीत घेतो. हरलेलं ट्रान्झॅक्शन फेल होत नाही, ते कुठल्याच ब्लॉकमध्ये जात नाही. त्याची रिसीट (ब्लॉकमध्ये गेल्याची पोच) कधीच येत नाही, कितीही विचारलं तरी नल, म्हणजे रिकामं उत्तरच. टेस्ट त्या रिसीटची वाट बघत बसली तर टाइमआउट ठरलेला. वेब३जेएस ही लायब्ररी मुळात ५० ब्लॉक किंवा ७५० सेकंद थांबते, तोवर सीआयची (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची) वेळ संपलेली असते. ईथर्स या दुसऱ्या लायब्ररीचं वेट फंक्शन जरा शहाणं आहे. त्याच नॉन्सवर दुसरं ट्रान्झॅक्शन बसलं हे लक्षात आलं की ते «ट्रान्झॅक्शन रिप्लेस्ड» अशी एरर देतं. ती एरर इथे अपेक्षित निकाल आहे, पकडून तपासायची.

दुसरी व्यवहाराची टक्कर. दोन वेगळे कर्जदाते, दोन वेगळी खाती, आपापले नॉन्स, पण पावती तीच. प्रोटोकॉलच्या नजरेत ही दोन्ही ट्रान्झॅक्शन्स रास्त आहेत. दोन्ही ब्लॉकमध्ये जातात, दोघांची रिसीट येते, पण एकाचं स्टेटस १ (यशस्वी) आणि दुसऱ्याचं ० (फसलेलं), कारण कॉन्ट्रॅक्टमधल्या (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) रिक्वायर या अटीने ते परत फिरवलेलं, म्हणजे रिव्हर्ट केलेलं असतं. गोदामाला खरी धास्ती याच टकरीची आहे. पण नेटवर सापडणारे बहुतेक नमुने पहिल्या टकरीचे असतात, म्हणून लोक तीच तपासून निर्धास्त होतात.

टक्कर घडलीच नसेल तर

लाल टेस्टपेक्षा हिरव्या टेस्टकडे आधी संशयाने बघा. बऱ्याच हिरव्या टेस्टमध्ये टक्कर झालेलीच नसते.

नॉन्स लायब्ररीवर किंवा नोडवर सोडला की तो «पेंडिंग», म्हणजे अजून ब्लॉकमध्ये न गेलेली ट्रान्झॅक्शन्सही मोजून भरला जातो. पहिलं ट्रान्झॅक्शन गॉसिपने (नोडांनी एकमेकांना कळवण्याने) दुसऱ्या नोडवर आधीच पोहोचलं असेल, तर दुसऱ्याला पुढचा नॉन्स मिळतो. मग दोन्ही सुखाने साखळीत जातात आणि टेस्ट म्हणते दोन्ही टिकली, म्हणजे गफलत. नेटवर्क जरा मंद असेल त्या दिवशी नॉन्स सारखा भरला जातो आणि टेस्ट पास. हे टाळायला दोन्ही ट्रान्झॅक्शन्सवर नोडच्या बाहेर, हाताने नॉन्स घालून सही करा आणि सही झालेले कच्चे बाइट्सच नोडला द्या.

दोन्हींचा मजकूर तंतोतंत सारखा असेल तर सहीही सारखी येते, हॅशही (मजकुरावरून निघणारी ओळखखूण) सारखा येतो आणि नोड «ऑलरेडी नोन» म्हणतो. तिथे दोन ट्रान्झॅक्शन्स नाहीत, एकच दोनदा पाठवलं गेलंय. घेणारा पत्ता किंवा रक्कम बदला.

गॅस म्हणजे ट्रान्झॅक्शन चालवायला लागणाऱ्या कामाचं माप, त्याच्या दराचंही पाहा. गेथच्या पूलमध्ये (ब्लॉकची वाट बघणाऱ्या ट्रान्झॅक्शन्सच्या साठ्यात) त्याच नॉन्सचं नवं ट्रान्झॅक्शन जुन्याला हटवायला आलं तर दर किमान १० टक्क्यांनी जास्त लागतो, आणि तोही कमाल दर व टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला मिळणारी) या दोन्हींवर. कमी पडला की «रिप्लेसमेंट ट्रान्झॅक्शन अंडरप्राइस्ड». टेस्टमध्ये दर गॅस ओरॅकलकडून (नोडच्या दर सुचवणाऱ्या सोयीकडून) घेतला असेल तर एखाद्या दिवशी तो फरक आपोआप पडतो, दुसरं ट्रान्झॅक्शन पहिल्याची जागा घेतं आणि निकाल उलटा लागतो. दोन्हींना एकच दर हाताने द्या. मग ज्या नोडला जे आधी मिळालं ते तो धरून ठेवेल आणि शेजाऱ्याकडून आलेलं नाकारेल. टक्कर उभी राहायला हेच हवं.

व्यवहाराच्या टकरीत याच जातीचा आणखी एक फसवा प्रकार आहे. लायब्ररी पाठवण्याआधी गॅसचा अंदाज काढते. पहिलं तारण नोंदलं गेलेलं असेल तर त्या अंदाजातच «एक्झिक्युशन रिव्हर्टेड» येतं आणि दुसरं ट्रान्झॅक्शन तुमच्या लॅपटॉपच्या बाहेरही पडत नाही. टेस्टला वाटतं कॉन्ट्रॅक्टने साखळीवर अडवलं. गॅस लिमिट हाताने द्या, म्हणजे ते खरोखर नोडपर्यंत जाईल.

एवढं केल्यावर पूल उघडून बघायची सवय लावा. «टीएक्सपूल डॉट इन्स्पेक्ट» दोन्ही नोडांवर चालवा. एका नोडवर त्या खात्याखाली एक पत्ता आणि दुसऱ्यावर त्याच नॉन्सपुढे दुसरा पत्ता दिसला, तरच टक्कर लागलेली आहे. टेस्टमध्ये ही तपासणी असर्शन (खरी नसेल तर टेस्ट फेल करणारी अट) म्हणूनच घाला. टक्कर उभी राहिली नाही तर टेस्टने तिथेच थांबावं, पुढचा निकाल देऊच नये.

नेटवर्क खरंच तुटलं का?

जोडलेल्या नोडांमध्ये गॉसिप इतकं चपळ असतं की दोन पूल वेगळे ठेवणं नशिबावर जातं. म्हणून तोडूनच टेस्ट करायची. इथे एक नोड एकटा पाडू आणि दोघांना एकत्र ठेवू.

«ॲडमिन डॉट रिमूव्हपीअर» ट्रू देतं, पण ते फक्त हुकूम घेतल्याचं सांगतं. कनेक्शन त्या क्षणी तुटलेलं असतंच असं नाही. शिवाय डिस्कव्हरी (नोडांनी एकमेकांना आपोआप शोधणं) चालू असेल किंवा समोरच्या नोडच्या स्टॅटिक (कायम जोडून ठेवायच्या नोडांच्या) यादीत आपलं नाव असेल, तर समोरचाच आपल्याला परत फोन लावतो आणि तुटलेलं नेटवर्क आपोआप जुळतं. टेस्ट नेटवर्कवर तिन्ही नोड नोडिस्कव्हर फ्लॅगने चालवा, स्टॅटिक यादी रिकामी ठेवा, जोडणं आणि तोडणं दोन्ही स्क्रिप्टमधून आणि दोन्ही बाजूंनी करा. त्यानंतर एकट्या नोडवर पीअरची (जोडलेल्या नोडांची) संख्या शून्य होईपर्यंत विचारत राहा.

आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलने) नोडांमधलं पोर्ट ३०३०३ अडवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पॅकेट गिळले तरी जुनं कनेक्शन काही काळ यादीत जिवंत दिसतं. डॉकरवर नेटवर्कच काढून घेतलं तर आरपीसीही (नोडला आज्ञा द्यायची वाट) जाते आणि मग एकट्या नोडला ट्रान्झॅक्शन देता येत नाही. त्यापेक्षा रिमूव्हपीअर बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं कारण: एकट्याला एकच ब्लॉक

इथपर्यंत सगळं नीट करूनही टेस्ट अधूनमधून फेल होते. ट्रान्झॅक्शन एकट्या नोडच्या पूलमध्ये पडून राहतं, ब्लॉकमध्ये जात नाही. कारण क्लीकच्या नियमातच आहे.

क्लीकमध्ये सही करणारे जितके, त्यांच्या निम्म्यात एक मिळवा, अपूर्णांक सोडून. तीन नोडांना हा आकडा २ येतो. म्हणजे लागोपाठच्या दोन ब्लॉकमध्ये एका नोडची सही एकदाच चालते. एकटा पडलेला नोड एक ब्लॉक बनवतो, त्यानंतर त्याच्या लॉगमध्ये «साइन्ड रिसेंटली, मस्ट वेट फॉर अदर्स» असं येतं आणि तो थांबतो. दुसरं कुणी तिथे नाही, म्हणजे कायमचाच थांबतो. जोडीतले दोघे मात्र आलटून पालटून सही करत पुढे जात राहतात.

आता वेळेचा खेळ पाहा. ब्लॉकचा पिरियड (दोन ब्लॉकमधला वेळ) शून्यापेक्षा जास्त असेल तर क्लीक रिकामे ब्लॉकही बनवतो. तुम्ही नोड तोडला, पीअर शून्य झाल्याची खात्री केली आणि ट्रान्झॅक्शन दिलं. तेवढ्यात एकट्याने आपल्या वाट्याचा एकुलता एक ब्लॉक रिकामाच खर्चून टाकलेला असतो. ट्रान्झॅक्शन वेळेत पोहोचलं त्या दिवशी टेस्ट हिरवी, चुकलं त्या दिवशी लाल. आणि तोडायच्या आधीचा शेवटचा ब्लॉकच त्या नोडच्या सहीचा असेल, तर त्याला तो एकसुद्धा मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. टेस्ट नेटवर्कच्या जेनेसिसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) पिरियड ५ ऐवजी १५ सेकंद ठेवा, हाताशी वेळ राहतो. दोन्ही ट्रान्झॅक्शन्स आधीच सही करून तयार ठेवा. «क्लीक डॉट गेटस्नॅपशॉट» मागवा, त्यात रिसेंट्स नावाची यादी असते, ब्लॉकचा आकडा आणि त्यापुढे सही करणाऱ्याचा पत्ता. सगळ्यात वरच्या ब्लॉकपुढे, ज्याला एकटं पाडायचंय त्याचा पत्ता नको. नवा ब्लॉक आला, तो दुसऱ्या कुणाच्या सहीचा आहे हे दिसलं, की लगेच तोडा, पीअर शून्य झालेले बघा आणि ट्रान्झॅक्शन द्या. पुढच्या ब्लॉकला अजून अवकाश असतो.

काहीजण खर्च वाचवायला दोनच नोडांवर ही टेस्ट लावतात. सही करणारे दोन असतील तरी तो आकडा २ च येतो. ज्याने शेवटची सही केली तो अडकतो, दुसरा एक ब्लॉक करून अडकतो. एकाच उंचीवर (ब्लॉकच्या क्रमांकावर) दोन वेगळे ब्लॉक कधी बनतच नाहीत, साखळीला फाटा फुटत नाही आणि टेस्ट दरवेळी पास होते. अशा पास होण्यावर विसंबू नका. चार नोड दोन-दोन असे तोडले तर दोन्ही बाजू जास्तीत जास्त दोन ब्लॉक करून ठप्प होतात. फाटा पाहायला तीन नोड, दोन-एक अशी तोड सर्वांत सोपी.

परत जोडल्यावर

घाईने जोडू नका. गेथ ब्लॉकची संख्या मोजत नाही, एकूण डिफिकल्टी (ब्लॉकच्या वजनांची बेरीज) मोजतो. ज्याची पाळी आहे त्याने सही केली तर ब्लॉकची डिफिकल्टी २, पाळी नसताना केली तर १. एकट्याच्या एका ब्लॉकची डिफिकल्टी २ असू शकते. जोडीचे दोन ब्लॉक दोन्ही बिनपाळीचे निघाले तर त्यांची बेरीजही २. बरोबरी झाली की कोण जिंकेल ते टेस्टमध्ये गृहीत धरता येत नाही. जोडीचे तीन ब्लॉक झाले की बेरीज किमान ३, मग शंका उरत नाही. तीन होऊ द्या, मग जोडा.

जोडायलाही वेळ लागतो. नुकताच तोडलेला पीअर गेथ लगेच परत डायल करत नाही, अर्धा मिनिट जाऊ शकतो. त्यानंतर साखळी ओढून घ्यायला आणखी काही सेकंद. ठरावीक स्लीप घालण्यापेक्षा तिन्ही नोडांवर एकाच उंचीच्या ब्लॉकचा हॅश सारखा येईपर्यंत विचारत राहा. तो कधीच सारखा होत नसेल तर मशीनची घड्याळं तपासा. पुढच्या वेळेचा शिक्का असलेला ब्लॉक क्लीक घेत नाही, आणि वीज जाऊन आलेल्या गोदामातल्या जुन्या मशीनचं घड्याळ सरकलेलं असणं अगदी शक्य आहे.

टीममध्ये नवीन आलेली मुलगी ही टेस्ट चालवताना म्हणाली, «दादा, रिसीट आली होती, स्टेटस एक होतं. आता नल येतंय. डेटाबेस उडाला का?» डेटाबेस ठीक होता. नॉन्सच्या टकरीत हेच व्हायला हवं. एकट्याचा ब्लॉक साखळीबाहेर पडला, त्यातलं ट्रान्झॅक्शन पूलमध्ये परत यायला गेलं, पण जिंकलेल्या साखळीत तो नॉन्स वापरून झालेला होता, म्हणून ते गळलं. तिला ब्लॉकचा हॅश आधी आणि नंतर छापून बघायला सांगितलं. उंची तीच, हॅश वेगळा. ते दोन हॅश शेजारी शेजारी पाहिले की रीऑर्ग म्हणजे काय हे पुन्हा समजवावं लागत नाही.

व्यवहाराच्या टकरीत चित्र याहून गंभीर आहे. तिथे एकट्या नोडवरचं तारण पूलमध्ये परत येतं, त्याचा नॉन्स अजून रास्त असतो, आणि ते नव्या साखळीत पुन्हा चालवलं जातं. या वेळी पावती आधीच तारण आहे, म्हणून ते रिव्हर्ट होतं. म्हणजे एकाच हॅशच्या ट्रान्झॅक्शनला आधी स्टेटस १ ची रिसीट मिळते, आणि थोड्या वेळाने वेगळ्या ब्लॉकमधली स्टेटस ० ची. पहिली रिसीट पाहून कुणी कर्ज वाटलं असेल तर ते बिनतारणाचं झालं. टेस्टने ही दोन्ही उत्तरं टिपली पाहिजेत, पहिलं पाहून «पास» म्हणून मोकळं होता कामा नये.

इथे वेळेची आणखी एक मेख आहे. जुन्या आणि नव्या टोकाच्या उंचीत ६४ पेक्षा जास्त ब्लॉकचा फरक असेल तर गेथचा पूल बाहेर पडलेली ट्रान्झॅक्शन्स परत घेत नाही. १५ सेकंदांच्या पिरियडला ६४ ब्लॉक म्हणजे १६ मिनिटं. नेटवर्क तुटलेलं ठेवून कुणी जेवायला गेलं तर ते ट्रान्झॅक्शन स्टेटस ० न होता नुसतं नाहीसं होतं, आणि टेस्ट पुन्हा लाल. टेस्टमध्ये ही खिडकी छोटी ठेवा. पण गोदामाची वीज खरोखर तासभर जाऊ शकते, तेव्हा लांब तोडीची वेगळी टेस्टही हवी. तिचा अपेक्षित निकाल वेगळा: रिसीट नाही, आणि ॲपने ते ओळखून कर्मचाऱ्याला तारण पुन्हा नोंदवायला सांगायचं.

असर्शन कशावर ठेवायची

कोण जिंकलं यावर ठेवू नका. एररच्या मजकुरावरही नको, तो आवृत्तीगणिक बदलतो. तिन्ही नोडांवर साखळीचं टोक एक आहे का, पावतीवर तारण घेणारा तिन्हीकडे एकच येतो का, आणि हरलेल्याचा कुठेही अंश उरला नाही ना, एवढं तपासा. शेवटचं लोक विसरतात. तारण नोंदताना कॉन्ट्रॅक्टने इव्हेंट (साखळीच्या लॉगमधली सूचना) सोडलेला असतो आणि ॲपचा लिसनर तो पकडून स्वतःच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ओळ घालतो. साखळी मागे फिरली तरी ती ओळ आपोआप पुसली जात नाही. लॉगच्या सबस्क्रिप्शनमध्ये गेथ तोच लॉग «रिमूव्हड ट्रू» लावून परत पाठवतो, पण लिसनरने तो खूणशब्द बघितलाच नाही तर डेटाबेसमध्ये दोन तारणं उभी राहतात. टेस्टने साखळीबरोबर ती टेबलही वाचली पाहिजे. साखळी बरोबर आणि टेबल चूक, असा प्रकार प्रत्यक्षात सर्वांत जास्त भेटतो.

दुसऱ्या प्रणालींवर

गेथ १.१४ पासून क्लीकचं नवं नेटवर्क चालवता येत नाही, म्हणून अनेकजण बेसू या दुसऱ्या इथेरियम सॉफ्टवेअरच्या क्यूबीएफटी पद्धतीकडे वळतात. तिथे ही टेस्ट तशीच उचलून नेऊ नका. चार व्हॅलिडेटर (ब्लॉक मंजूर करणारे नोड) असतील तर ब्लॉकला तिघांची संमती लागते. एकटा पडलेला एकही ब्लॉक बनवत नाही, दोन-दोन तुटले तर दोन्ही बाजू थांबतात. फाटा नाही, रीऑर्ग नाही. «एकट्याची रिसीट आली» यावर थांबणारी टेस्ट तिथे लटकते आणि ते योग्यच आहे. पूल बघायची आज्ञाही वेगळी आहे, «टीएक्सपूल बेसूट्रान्झॅक्शन्स».

हायपरलेजर फॅब्रिक या खाजगी ब्लॉकचेन प्रणालीत असा नॉन्सच नाही. ट्रान्झॅक्शनने वाचलेल्या नोंदीची आवृत्ती मधल्या काळात बदलली का, यावरून तिथे टक्कर ओळखली जाते, हरलेलं ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये जातं पण «एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट», कोड ११, अशा शिक्क्यासह. त्यामुळे तिथे ब्लॉकमध्ये आलं म्हणजे झालं असं धरणारी टेस्ट खोटं हिरवं देते. कमिट स्टेटस वाचा.

ॲपमध्ये केलेला बदल

क्लीकवरच राहायचं असेल तर वरच्या हिशोबातून एक आकडा हाती येतो. तीन नोडांच्या मांडणीत एकटा पडलेला नोड दुसरा ब्लॉक कधीच बनवू शकत नाही, आणि तीन ब्लॉकनंतर जोडीची साखळी नक्की जड असते. म्हणून तारणाचं ट्रान्झॅक्शन ज्या ब्लॉकमध्ये आहे तो धरून तीन ब्लॉक झाल्याशिवाय गोदामाच्या स्क्रीनवर «तारण नोंदलं» येत नाही, तोवर «नोंद पाठवली, पक्की व्हायची आहे» एवढंच दिसतं. १५ सेकंदांच्या पिरियडला ही पाऊण मिनिटाची थांबणूक आहे. नोडचे पीअर शून्य असतील तर तारणाचं बटणच बंद राहतं आणि खाली कारण लिहून येतं: «नेटवर्क तुटलेलं आहे, पावती देता येईल, तारण नोंदवता येणार नाही.» शेवटच्या टेस्टमध्ये चाकणचा नोड तोडून हेच वाक्य स्क्रीनवर येतं का ते बघतो. नवीन पावती निघणं मात्र चालू ठेवलंय, कारण तिची कुणाशी टक्कर होत नाही. नेटवर्क जुळल्यावर ती पुन्हा पाठवायची रांग वेगळी आहे, आणि तिचीही टेस्ट १६ मिनिटांच्या पुढे ताणून घेतो.